अडतिसावा क्रमांक आणि वेर्ण्याचा हिशेब

सप्टेंबर २०२५ मध्ये जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा 'ग्लोबल इनोव्हेशन इंडेक्स', म्हणजे जागतिक नवोन्मेष निर्देशांक, आला. १३९ देशांच्या यादीत भारत ३८वा. २०१५ साली आपण ८१वे होतो. त्यावरून जी चर्चा सुरू झाली ती गोव्यातही दोन ठरलेल्या बाजूंनीच झाली. एक बाजू म्हणते, दहा वर्षांत ४३ पायऱ्या चढलो, आता पहिल्या पंचविसांत जायचं. त्यासाठी पेटंटं वाढवा, स्टार्टअप वाढवा, गोव्यातल्या आयआयटीला कायमची जागा द्या. दुसरी बाजू म्हणते, जिनिव्हात बसून काढलेल्या आकड्यांना आपल्या मातीतलं शहाणपण काय कळणार, असले निर्देशांक मनावर घेऊच नयेत. मला दोन्ही बाजू पटत नाहीत. दोघांचं भांडण क्रमांकावर चाललं आहे. हा क्रमांक नेमका कशाचा, हे विचारायला कुणी तयार नाही.

माझं म्हणणं आधीच सांगतो. नव्या कल्पनांतून, नव्या तंत्रांतून एखाद्या देशाच्या पदरात काय पडलं हे मोजलंच पाहिजे आणि देशादेशांची तुलनाही झाली पाहिजे. पण आज जे मोजलं जातं ते मुख्यतः नवी गोष्ट कुठे नोंदली गेली, एवढंच. ती किती हातांपर्यंत पोचली, पोचायला किती वर्षं लागली आणि तिच्यातून आलेला पैसा कुठे मुरला, हा हिशेब जवळजवळ कुणी मांडत नाही. पहिली मोजदाद सोपी, कारण नोंदवह्या तयार असतात. दुसरी कष्टाची, कारण त्यासाठी कारखान्यात, शेतात, दवाखान्यात जाऊन विचारावं लागतं. म्हणून सोप्या मोजदादीलाच आपण खरी समजू लागलो आहोत, आणि याचा फटका गोव्यासारख्या राज्याला सर्वांत जास्त बसतो. इथे माल तयार होतो, पण त्याची मालकी इथे नोंदली जात नाही.

निर्देशांकाची बाजू आधी नीट मांडली पाहिजे. तो कुणाच्या लहरीवर बेतलेला नाही. सुमारे ८० निकष आहेत. त्यांतले निम्म्याहून अधिक देश नवोन्मेषासाठी काय घालतो याचे, म्हणजे शिक्षण, संशोधनावरचा खर्च, पायाभूत सोयी, भांडवलाची उपलब्धता, संस्थांचा दर्जा. बाकीचे बाहेर काय पडतं याचे, म्हणजे पेटंटं, शोधनिबंध, उच्च तंत्रज्ञानाची निर्यात, ट्रेडमार्क, डिझाइन. दोन्हींची सरासरी काढून क्रमांक लागतो. पद्धत उघडपणे छापलेली असते, आणि निकष व आकडेवारी बदलत असल्याने एका वर्षाच्या क्रमांकाची दुसऱ्या वर्षाशी तुलना जपून करा, अशी सूचनाही त्याच अहवालात असते. ती वाचायचे कष्ट आपण घेत नाही, हा अहवाल लिहिणाऱ्यांचा दोष नव्हे. शिवाय, सगळ्यांना एकच मोजपट्टी लावली नाही तर प्रत्येक सरकार स्वतःची पाठ थोपटत बसेल, हा मुद्दा खोडता येत नाही. संशोधनावर आपण सकल उत्पादनाच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो आणि दक्षिण कोरिया ५ टक्क्यांच्या आसपास, हे तुलनेशिवाय कळलं असतं का? तिथल्या खर्चातला तीन-चतुर्थांशाहून जास्त वाटा खासगी कंपन्यांचा, आपल्याकडे त्यांचा वाटा निम्म्याहूनही कमी. हे बोचायलाच हवं.

पण क्रमांकाच्या धाकाने सरकारं हलतात, हा त्यापुढचा दावा तपासून पाहा. ८१वरून आपण ३८वर आलो त्या काळात संशोधनावरच्या खर्चाचं प्रमाण वाढायला हवं होतं. ते वाढलं नाही. पंधरा वर्षांपूर्वी ते ०.८ टक्क्यांच्या घरात होतं, तिथून खालीच आलं. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी क्रमांकाचा चाबूक हवा असं सांगितलं जातं, तीच गोष्ट मागे गेली आणि क्रमांक मात्र पुढे गेला. हे कसं झालं? माहिती-तंत्रज्ञान सेवांची निर्यात, शास्त्र आणि अभियांत्रिकीचे पदवीधर, मोठ्या किमतीचे स्टार्टअप, अशा निकषांवर भारत भक्कम आहे. सरासरीत तिथली भर इथली तूट झाकते. यात फसवणूक नाही, सरासरीचा तो स्वभावच आहे. पण मग मंत्र्यांनी दाखवायचा कागद चढत्या क्रमांकाचा, आणि प्रयोगशाळेत यंत्र नाही म्हणून संशोधन अडलेल्या विद्यार्थ्याची अडचण कुठल्याच कागदावर नाही, अशी स्थिती होते.

आता दुसरा आणि माझ्या मते मोठा दोष. आर्थिक लाभ मोजताना तो कुठे नोंदला गेला हे पाहिलं तर काय होतं, याचा धडा आयर्लंडने जगाला दिला आहे. २०१५ या एका वर्षात त्या देशाचं सकल उत्पादन २५ टक्क्यांहून अधिक वाढल्याचं जाहीर झालं. त्या वर्षी तिथे रातोरात कारखाने उभे राहिले नव्हते, लोकांचे पगार पाव पटीने वाढले नव्हते. काही मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली पेटंटं आणि इतर बौद्धिक संपदा आयर्लंडमधल्या आपल्याच कंपन्यांच्या नावावर केली. मग इतर देशांत तयार झालेल्या मालाचं उत्पन्नही आयर्लंडच्या खात्यात दिसू लागलं. कागदोपत्री पाहिलं तर नवोन्मेषाचं आर्थिक लाभात इतकं झटपट रूपांतर इतिहासात झालं नसेल. आयरिश सांख्यिकी कार्यालयाने मग सरळ मान्य केलं की या आकड्यावर देशाचा कारभार चालवता येणार नाही, आणि २०१७ पासून असल्या नोंदी वजा करून सुधारित राष्ट्रीय उत्पन्नाचा वेगळा आकडा द्यायला सुरुवात केली. आकडा फुगलेला राहणं त्यांच्या सोयीचं होतं, तरी त्यांनी तो दुरुस्त केला. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो.

आयर्लंडची गोष्ट उलटी करून गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत आणा. वेर्ण्याच्या पठारावर, कुंडईला, पिसुर्लेला औषधांचे कारखाने आले ते मुख्यतः नव्वदच्या दशकातल्या करसवलतींमुळे. देशातल्या औषध उत्पादनात गोव्याचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास असल्याचं सांगतात. युरोप-अमेरिकेच्या नियामकांनी तपासलेल्या उत्पादन ओळी इथे आहेत. गोळीवरचा थर किती मायक्रॉनचा असावा, पोटात कोणत्या टप्प्यावर ती विरघळावी, हे काम इथली माणसं रोज करतात. हे ज्ञान कुठे मोजलं जातं? कंपनीचं मुख्यालय मुंबईत, पेटंटचा अर्ज मुंबईहून, ट्रेडमार्क मुंबईच्या नावावर. राज्याच्या उत्पादनात मात्र कारखान्याचं सगळं मूल्यवर्धन, म्हणजे कच्च्या मालावर चढलेली किंमत, दिसतं, म्हणून दरडोई उत्पन्नात गोवा देशातल्या अगदी वरच्या राज्यांत बसतो. आणि त्याच गोव्याचा बेकारीचा दर, केंद्राच्या २०२२-२३ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार, देशाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त. सकाळी शिफ्ट बदलताना वेर्ण्याच्या फाट्यावर कंपन्यांच्या बसमधून जी मुलंमुली उतरतात, त्यांतली किती कायम नोकरीत, किती कंत्राटदाराच्या हजेरीपटावर, किती जणांना पाच वर्षांत यंत्र चालवण्यापासून यंत्र सुधारण्यापर्यंत मजल मारता आली, हे विचारलं तर राज्याकडे उत्तर नाही. नीती आयोगाच्या राज्यनिहाय नवोन्मेष निर्देशांकातही गोवा दिल्ली-चंडीगडसारख्या छोट्या प्रदेशांच्या रांगेत उभा केला जातो. दिल्लीशी तुलना करून काणकोण किंवा सत्तरी तालुक्यातल्या मुलाला काय कळणार?

कुणी म्हणेल, आधी नवं निर्माण तर होऊ दे, पसरणं आपोआप होईल. गोव्याच्या इतिहासाइतकं याचं खणखणीत उत्तर दुसरीकडे सापडणार नाही. भारतातला पहिला छापखाना गोव्यात, १५५६ साली, जुन्या गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात. खरं तर तो अबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, निघाला होता, इथेच राहिला. १६१६ मध्ये रायतूरला फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं: भाषा मराठी, छपाई रोमन अक्षरांत. त्या काळी असा निर्देशांक असता तर गोवा आशियातल्या पहिल्या काही जागांवर असता. पुढे काय झालं? छापखाना धर्मसंस्थांच्या आवारातच राहिला. त्याच्याभोवती छपाईचे खिळे ओतणारे, शाई करणारे, पुस्तकं विकणारे असे लोक वाढले नाहीत. १६८४ च्या फर्मानाने इथल्या कोकणी भाषेलाच बंदी आली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात छपाई थांबली ती थेट १८२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. दीडशे वर्षं. त्याउलट मुंबई पाहा. तिथे मराठी छपाई अडीच शतकं उशिरा आली. पण अमेरिकन मिशनचा छापखाना पाहिलेल्या गणपत कृष्णाजींनी स्वतः यंत्र जुळवलं, शाई बनवली आणि १८३१ मध्ये पंचांग छापून विकलं. पुढच्याच वर्षी बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं. छापील अक्षराचा फायदा मराठी समाजाला झाला तो या मुंबईमार्गे. पहिलेपणा गोव्याचा आणि लाभ मुंबईचा, असं झालं, कारण तंत्र एका संस्थेच्या हातून समाजाच्या हातात जाण्याची वाट इथे बंद होती.

परदेशातही हेच दिसतं. जांभळा कृत्रिम रंग १८५६ मध्ये लंडनमध्ये पर्किनने शोधला; पहिल्या महायुद्धाच्या वेळी जगातल्या कृत्रिम रंगांचा बहुतांश धंदा जर्मनीच्या हाती होता. वीज एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकी कारखान्यांत आली, पण उत्पादकतेत तिचा खरा परिणाम दिसायला १९२० चं दशक उजाडावं लागलं, कारण एका मोठ्या दांड्यावर चालणाऱ्या यंत्रांऐवजी प्रत्येक यंत्राला वेगळी मोटर लावून सगळा कारखाना नव्याने मांडायला तेवढा वेळ गेला. १९०० साली कुणी मोजदाद केली असती तर विजेचा आर्थिक लाभ जवळपास शून्य, असाच निष्कर्ष निघाला असता. दर वर्षीच्या क्रमांकाने तीस वर्षांचा हा प्रवास कसा पकडायचा?

आपल्या देशाने सर्वांत मोठे फायदे करून घेतले तेही अशाच मार्गाने. बुटक्या गव्हाचं वाण मेक्सिकोतून आलं. ते आपल्या जमिनीत रुजवण्याचं काम आपल्या कृषिशास्त्रज्ञांनी आणि पंजाबच्या शेतकऱ्यांनी केलं, आणि १९६४-६५ मधलं सव्वा कोटी टनांच्या आसपासचं गव्हाचं पीक १९६८ मध्ये एक कोटी पासष्ट लाख टनांच्या घरात गेलं. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही असं परदेशी तज्ज्ञ सांगत होते. ती आणंदला १९५५ मध्ये झाली. आणि औषधांचं उदाहरण तर गोव्याच्या दारातलं. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूला पेटंट देणं बंद केलं, फक्त तयार करण्याच्या पद्धतीला ठेवलं. त्यातून वेगळ्या पद्धतीने, स्वस्तात औषध बनवण्याची जी कला इथे तयार झाली तिच्यामुळे २००१ मध्ये सिप्ला एड्सवरची तीन औषधांची मात्रा दिवसाला एक डॉलरपेक्षाही कमी दराने देऊ शकली. तीच मात्रा मूळ कंपन्या वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर विकत होत्या. आफ्रिकेत यामुळे किती माणसं जगली ते सगळ्यांना माहीत आहे. पण पेटंटांच्या तक्त्यात या कर्तबगारीला रकाना नाही.

इथे सर्वांत बळकट आक्षेप येतो आणि तो मी टाळणार नाही. दुसऱ्याच्या ज्ञानावर किती दिवस जगणार? २००५ मध्ये जागतिक व्यापार करारामुळे औषधांच्या रेणूंना पुन्हा पेटंट द्यावं लागलं तेव्हा ही वाट अरुंद झालीच. स्वतःचा नवा रेणू शोधणाऱ्या भारतीय कंपन्या आजही मोजक्याच आहेत. पसरवण्याच्या कौतुकात निर्मितीकडे दुर्लक्ष झालं तर आपण कायम मागेच राहू. हे खरं आहे. पण जपान, कोरिया, चीन या सगळ्यांनी आधी दुसऱ्यांचं तंत्र आपल्या हजारो कारखान्यांत मुरवलं आणि मग स्वतःचं घडवलं. चीन २०२५ मध्ये या निर्देशांकात पहिल्या दहांत आला. तो पेटंटं मोजत बसला म्हणून आला, असं कुणी प्रामाणिकपणे म्हणेल का? निर्मितीची ताकद पसरलेल्या कौशल्यातूनच येते. ज्या समाजात दहा हजार तंत्रज्ञ एखादं यंत्र उघडून दुरुस्त करू शकतात, तिथेच पुढचं यंत्र घडतं.

दुसरा आक्षेप असा की पसरणं मोजता येत नाही, त्याचे आकडेच नसतात. आपल्याच कायद्यात याचं उत्तर आहे. भारतीय पेटंट कायद्याप्रमाणे प्रत्येक पेटंटधारकाला 'फॉर्म २७' भरून सांगावं लागतं की हे पेटंट भारतात वापरात आणलं आहे की नाही. जगातल्या फार थोड्या देशांत अशी सोय आहे. २०१२ मध्ये यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरच्या एका औषधासाठी नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय ते बनवण्याची मुभा, मिळाला, तेव्हा मूळ कंपनीने स्वतः भरलेली हीच माहिती उपयोगी पडली: औषध गरजेच्या मानाने किती थोड्या रुग्णांपर्यंत पोचत होतं ते तिच्यातून दिसलं. महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपयांवरून ९ हजारांच्या खाली आला. नवोन्मेष माणसापर्यंत पोचतो की नाही, याचं याहून थेट मोजमाप मला माहीत नाही. आणि आपण त्याचं काय केलं? २०२४ च्या दुरुस्तीने ही माहिती दर वर्षी देण्याची अट काढून तीन वर्षांतून एकदा देण्याची केली. उद्योगांना कागदपत्रांचा जाच होतो, हे कारण मला समजतं. पण क्रमांक दर वर्षी हवा आणि वापराची माहिती तीन वर्षांनी, हा प्राधान्यक्रम चुकलेला आहे. विज्ञान-तंत्रज्ञान खात्याने २०२१-२२ मध्ये आठ हजारांहून अधिक कारखान्यांना विचारून नवोन्मेषाचं सर्वेक्षण केलं. चारांतल्या एकाच कारखान्याने काही नवं प्रत्यक्षात आणल्याचं त्यातून निघालं. असं सर्वेक्षण नियमित व्हावं म्हणून कुणी मोर्चा काढला नाही, अग्रलेख लिहिला नाही.

'आपलं देशी शहाणपण त्यांना काय कळणार' म्हणणाऱ्यांनाही एक प्रश्न आहे. ते शहाणपण आज कुठल्या अवस्थेत आहे हे तुम्हाला तरी कळतं का? माशेलात जन्मलेल्या रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने) हळदीवरचं अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. दुसऱ्याने आपलं ज्ञान पळवू नये म्हणून झालेली ती लढाई मोठीच होती. पण जे ज्ञान कुणी पळवत नाही, नुसतं मरू दिलं जातं, त्याचं काय? दिवाडी-चोडणच्या खाजन शेतांकडे पाहा. शेत भरतीच्या पातळीखाली, चिखल, दगड आणि गवताचा बांध, बांधात मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारं दार. मानशीची जाड लाकडी दारं भरतीच्या दाबाने आपसूक मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. मोटर नाही, वीज नाही, आणि त्याच्या जोरावर गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खारी जमीन लागवडीखाली आली. हे तंत्र टिकलं कारण गांवकारी, म्हणजे गावाची जुनी सामूहिक संस्था, बांधाची डागडुजी करायची, मानस कधी उघडायची हे ठरवायची. कूळकायद्यानंतर ही जबाबदारी कूळसंघांकडे आली, आणि मानशीपाशी मासे धरण्याच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, हे त्यांचं मोठं उत्पन्न झालं. मासे जास्त मिळावेत म्हणून मानस नको तेव्हा उघडी राहिली तर खारं पाणी शेतात शिरतं. अनेक गावांत असं झालं, भातशेती गेली. पावणीची रक्कम दर वर्षी मोजली जाते. बुडालेल्या शेताची मोजदाद नाही, म्हणून निर्णय रकमेच्या बाजूने होतो.

जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने याच खाजनातल्या कोरगूट भातातून निवड करून खारट जमिनीत जास्त पिकणारी 'गोवा धान' वाणं काढली. मला हे काम कुठल्याही पेटंटइतकं मोठं वाटतं. वाण प्रसिद्ध झाल्याची बातमी येते, टाळ्या पडतात. त्यानंतर किती हेक्टरवर ती पेरली गेली, कुठल्या गावात बियाणं पोचलं आणि कुठे बांधच फुटल्यामुळे त्याचा उपयोग झाला नाही, हे दर हंगामाला छापलं जायला हवं. शेतकी खात्याचे विभागीय कृषी अधिकारी शेतकऱ्यांना ओळखतात, बियाणं तेच वाटतात. हा आकडा गोळा करणं त्यांना अवघड नाही.

आयआयटीबद्दलही हेच. २०१६ पासून ती फर्मागुढीला दुसऱ्याच्या आवारात चालते आहे. लोलये, मेळावली, सांगे असे जागेचे वाद झाले आणि मेळावलीच्या लोकांनी २०२१ मध्ये सरकारला माघार घ्यायला लावली. तिला कायमची जागा मिळावी असं मलाही वाटतं. पण जागा देताना करारात दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: राज्यातल्या किती कारखान्यांच्या, शेतीच्या, मासेमारीच्या अडचणींवर तिथे काम झालं आणि त्यातलं किती वापरात आलं, याचा वार्षिक अहवाल विधानसभेपुढे यावा. दोनापावल्याला १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. इतकी जुनी संस्था दारात असताना ट्रॉलरवाल्याला किंवा किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकाराला तिच्या कामातून काय मिळालं, याची यादी गोव्याने कधी मागितली का?

सुरुवात वेर्ण्यापासून करता येईल. केंद्राच्या वार्षिक उद्योग सर्वेक्षणात नोंदणीकृत कारखान्यांचं मूल्यवर्धन, त्यातली मजुरी आणि कंत्राटी कामगारांची संख्या आजही गोळा होते. त्यावरून गोव्याच्या औषध उद्योगात तयार झालेल्या प्रत्येक शंभर रुपयांतले किती मजुरीच्या रूपाने कामगारांकडे गेले, दहा वर्षांत तो वाटा वाढला की घटला, हे मांडता येतं. त्याला नवा कायदा लागत नाही. नियोजन व सांख्यिकी संचालनालयाने पुढच्या आर्थिक पाहणी अहवालात हा तक्ता द्यावा, यासाठी अधिवेशनात प्रश्न विचारायला चाळीसांतला एक आमदारही पुरे.